नाव, चित्र आणि कोरी जागा : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ज्यू व्यापाऱ्यांची जाहिरात-कार्डे

भाषेच्या व समाजेतिहासाच्या अभ्यासकाला ग्रंथ, शिलालेख, दफ्तरे आणि खाजगी पत्रव्यवहार ही साधने सुपरिचित असतात. कोणीतरी ती वाचावी, निदान जपून ठेवावी, या हेतूनेच ती बहुधा निर्माण झालेली असतात. जे फुकट वाटले जाते आणि क्षणभर पाहून टाकून द्यावे अशीच ज्याची योजना असते, असे छापील साहित्य मात्र अभ्यासकाच्या दृष्टीआड राहते. वस्तुतः सामान्य माणसाच्या व्यवहारातील भाषेचा ठसा अशा साहित्यावरच अधिक स्पष्ट उमटलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोट्यवधींच्या संख्येने वाटली गेलेली रंगीत जाहिरात-कार्डे ही या प्रकारची होत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ज्यू व्यापाऱ्यांच्या कार्डांचा विचार करावयाचा आहे. ही कार्डे कशी तयार होत, त्यांवरील मजकूर कोणाचा असे, आणि त्या मजकुरावरून एका अल्पसंख्य समाजाविषयी काय अनुमान काढता येते व काय काढता येत नाही, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. कार्डाची घडण

हे कार्ड साधारणतः तीन इंच रुंद व पाच इंच लांब असे. एका बाजूस रंगीत चित्र आणि त्याच बाजूस किंवा पाठीमागे व्यापाऱ्याचे नाव, पत्ता व मालाचे वर्णन, एवढाच त्याचा ऐवज. या प्रकाराचे मूळ जुने आहे. अठराव्या शतकात लंडनचे दुकानदार तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दुकानाची खूण व ठिकाण सांगणारी कार्डे गिऱ्हाइकांना देत असत. रंगीत चित्र स्वस्त झाले ते मात्र शिळाछापाच्या शोधानंतर. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने ही पद्धती शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे तिच्यामागील साधे तत्त्व होय. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड ओला करावयाचा आणि त्यावर शाई फिरवावयाची. शाई चित्राच्या रेषांना धरते, ओल्या भागास धरत नाही. इ. स. १८३७ मध्ये फ्रान्समधील गोदफ्रुआ एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो, आणि तोच कागद एकामागून एक अशा सर्व दगडांवर अचूक त्याच जागी बसवावा लागतो. काम कसबाचे, परंतु एकदा दगड सिद्ध झाले की हजारो प्रती अल्प खर्चात निघतात.

अमेरिकेत या कलेला जे व्यापारी रूप आले त्यात मध्य युरोपातून आलेल्या कारागिरांचा वाटा मोठा होता. ब्रेस्लाऊ येथे इ. स. १८२४ मध्ये जन्मलेला लुई प्रँग १८५० मध्ये अमेरिकेत आला आणि बॉस्टन येथील त्याच्या छापखान्याने रंगीत चित्रांना घरोघरी नेले. प्रँग ज्यू नव्हता. परंतु न्यूयॉर्कचा ज्युलियस बीन आणि फिलाडेल्फियाचे रोझेन्थाल बंधू हे या धंद्यातील नामवंत शिळामुद्रक ज्यू होते. पक्षिचित्रकार ऑडुबॉन याच्या पक्ष्यांची रंगीत शिळाछापाची मोठी आवृत्ती बीनने १८५८ ते १८६० या काळात छापली.

जाहिरात-कार्डांच्या प्रसाराला खरी गती मिळाली ती १८७६ मध्ये. अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथे १० मे ते १० नोव्हेंबर या काळात भरलेल्या प्रदर्शनात एक कोटीच्या आसपास प्रवेशांची नोंद झाली. तेथे निरनिराळ्या उत्पादकांनी मुक्तहस्ताने वाटलेली कार्डे लोकांनी घरी नेली आणि ती जमविण्याचा एक छंदच देशभर पसरला. मुले आणि स्त्रिया ही कार्डे वह्यांत चिकटवून ठेवीत. या छंदामुळेच ती आज उपलब्ध आहेत. परंतु त्याच छंदामुळे अनेक कार्डांच्या पाठीवरील मजकूर गोंदाखाली कायमचा गेला, हेही अभ्यासकाने लक्षात ठेवावयास हवे. चित्र टिकले आणि शब्द नष्ट झाले, असा हा विषम वारसा आहे.

पुढे १८८५ मध्ये नियतकालिकांचा टपालखर्च पौंडास एक सेंट इतका उतरला, स्वस्त मासिके वाढली, १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल पोहोचू लागले आणि १८९८ च्या कायद्याने खाजगी छापील पोस्टकार्डांना सवलतीचा दर मिळाला. जाहिरातीला अधिक दूरवर जाणारी वाहने मिळताच कार्डांचे महत्त्व झपाट्याने ओसरले. म्हणजे या प्रकाराचा भरभराटीचा काळ अवघा वीस-पंचवीस वर्षांचा.

या घडणीतील एक गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोठे उत्पादक स्वतःसाठी खास चित्र काढवून घेत. लहान दुकानदाराला तो खर्च परवडत नसे. त्याच्यासाठी मोठे शिळाछापखाने तयार चित्रांची कार्डे छापून ठेवीत. फुले, पक्षी, मांजरीची पिले, गुबगुबीत मुले, बर्फाच्छादित खेडी, विनोदी प्रसंग असे हे विषय असत. चित्रात एका बाजूस किंवा पाठीमागे मुद्दाम जागा कोरी सोडलेली असे. दुकानदार नमुन्यांतून पसंत पडेल ते चित्र निवडी, आणि गावातील छापखानदार त्या कोऱ्या जागेत साध्या खिळ्यांनी त्याचे नाव व पत्ता छापून देई. परिणामी तेच मांजराचे पिलू एका गावी चहाची, दुसऱ्या गावी बुटांची आणि तिसऱ्या गावी तयार कपड्यांची भलावण करताना आढळते.

२. व्यापारी कोण होते

अमेरिकेतील ज्यू लोकसंख्या १८४० च्या सुमारास अदमासे १५,००० होती. १८८० पर्यंत ती अडीच लाखांच्या घरात गेली. या वाढीतील बहुसंख्य लोक बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, पोझेन, बोहेमिया, आल्सास अशा जर्मन-भाषक किंवा जर्मन-प्रभावित प्रदेशांतून आले होते. स्थलांतराची कारणे केवळ आर्थिक नव्हती. बव्हेरियात १८१३ च्या राजाज्ञेने प्रत्येक गावातील ज्यू कुटुंबांची संख्या ठरवून दिलेली होती. नोंदवहीत जागा रिकामी झाल्याविना तरुणास विवाह करून स्वतंत्र संसार थाटता येत नसे. हा निर्बंध १८६१ पर्यंत चालू राहिला. साहजिकच धाकटे मुलगे बाहेर पडले.

अमेरिकेत आल्यावर यांपैकी पुष्कळांनी पाठीवर गाठोडे घेऊन फेरीवाल्याचा धंदा पत्करला. त्याला भांडवल थोडे लागे आणि भाषाही थोडी पुरे. सुया, धागे, रिबिनी, कापडाचे तुकडे घेऊन तो शेतांवरून हिंडे. पुढे गाठोड्याची गाडी होई, गाडीचे लहान दुकान होई, आणि पाठोपाठ स्वदेशातून भाऊ व पुतणे येऊन मिळत. लाझारस स्ट्राउस हा १८५२ मध्ये अमेरिकेत आला. जॉर्जिया राज्यात फेरी करून त्याने टालबटन या गावी दुकान घातले. यादवी युद्धानंतर हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले, १८७४ मध्ये मेसी यांच्या प्रसिद्ध दुकानात चिनी मातीच्या भांड्यांचा विभाग चालवू लागले आणि १८९६ मध्ये त्या दुकानाचे धनी झाले. ॲडम गिम्बेल याने १८४२ मध्ये इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्स येथे दुकान काढले. बव्हेरियातील बुटेनहाइम या खेड्यात जन्मलेला लेव्ही स्ट्राउस १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचला व घाऊक कापडाचा व्यापार करू लागला.

ही मोठी नावे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु जाहिरात-कार्डे काढणारे बहुसंख्य व्यापारी यांच्याहून पुष्कळ लहान होते. तयार कपडे, कापड, टोप्या, बूट, दागिने, घड्याळे, तंबाखू, मद्य यांची त्यांची दुकाने पूर्वेकडील शहरांपासून पश्चिमेकडील खाणींच्या वसाहतींपर्यंत विखुरलेली होती. त्यांच्या कार्डांचा एक मोठा संचय आर्नल्ड व डिॲन कपलान या दांपत्याने जमविला आणि १८९० पूर्वीच्या इतर अमेरिकन ज्यू कागदपत्रांसह तो २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिला. ज्या दुकानदारांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, त्यांचे अस्तित्व या संग्रहामुळे ठिकाण व धंदा यांसह दृग्गोचर होते.

३. एका कार्डावरील तीन थर

अशा कार्डांचा ढीग समोर असता प्रथमदर्शनी निराशाच पदरी येते. त्यांत ज्यू असे काही दिसत नाही. हिब्रू अक्षर नाही, धर्मचिन्ह नाही, सणाचा उल्लेख नाही. उलट नाताळच्या हंगामात सांता क्लॉज आणि वसंतात ईस्टरची फुले व पक्षी आढळतात. यावरून हा समाज स्वतःचा धर्म लपवीत होता, किंवा तो टाकून बहुसंख्यांत विरून गेला होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो उतावळेपणाचा ठरेल.

कार्डावरील सर्व सामग्री एकाच कर्त्याची नाही, हे वर सांगितलेच आहे. तीत तीन थर स्पष्ट वेगळे करता येतात. पहिला थर चित्राचा. तो छापखान्याचा असून देशातील सर्व गिऱ्हाइकांना चालेल असा तयार केलेला असे. दुसरा थर धंद्याच्या ठराविक वाक्प्रयोगांचा. ‘सर्वात स्वस्त’, ‘नवा माल नुकताच आला आहे’, ‘एकच भाव’, ‘पोस्टासमोर’ इत्यादी शब्दावळी कोणा एकाची नसून व्यापाराच्या बोलीची सामाईक मालमत्ता होती. तिसरा थर म्हणजे नाव आणि पत्ता. खऱ्या अर्थाने व्यापाऱ्याचे स्वतःचे असे कार्डावर जे काही असे, ते एवढेच.

म्हणून सांता क्लॉजचे चित्र पाहून व्यापाऱ्याच्या श्रद्धेविषयी अनुमान करणे हे तयार पाकिटावरील नक्षीवरून आतील पत्राचा मजकूर ओळखण्यासारखे आहे. चित्राची निवड व्यापाऱ्याने केली हे खरे. परंतु ती निवड गिऱ्हाइकाच्या पंचांगाशी बांधलेली होती. हेच विधान अप्रिय चित्रांनाही लागू पडते. तयार कार्डांत चिनी, आयरिश व कृष्णवर्णीय लोकांची कुचेष्टा करणारी चित्रे सर्रास होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली, आणि त्या सुमारास अशा चित्रांस ऊत आला. ती चित्रे वापरण्यात ज्यू व्यापारीही मागे नव्हते. याचे समर्थन करण्याचे कारण नाही. स्वतः उपहासाचा विषय असलेला समाज दुसऱ्याच्या उपहासात सहज सहभागी होऊ शकतो, हे कटू सत्य ही कार्डे नोंदवून ठेवतात.

याउलट जेथे व्यापाऱ्याने स्वतःचे चित्र घडविले, तेथे ते काळजीपूर्वक वाचले पाहिजे. लेव्ही स्ट्राउस आणि मूळचा रिगाचा शिंपी जेकब डेव्हिस यांनी २० मे १८७३ रोजी धातूच्या रिव्हेटांनी मजबूत केलेल्या विजारीचे पेटंट मिळविले. पुढे १८८६ पासून या विजारीवरील चामड्याच्या पट्टीवर दोन घोडे विजार विरुद्ध दिशांना ओढीत आहेत, असे चित्र येऊ लागले. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही माल ओळखता यावा, एवढे या चित्राचे सामर्थ्य होते. खाणीतील मजूर अनेक भाषा बोलणारा होता, आणि व्यापारी स्वतः एका परभाषेतून दुसरीत आलेला होता.

४. उच्चाराविना भाषा

आता दुसऱ्या थराकडे, म्हणजे ठराविक वाक्प्रयोगांकडे, भाषिक दृष्टीने पाहावयाचे आहे. हा मजकूर सपाट व पुनरुक्तीने भरलेला आहे, हे कोणीही कबूल करील. मात्र या सपाटपणाचा अर्थ त्या काळातील उपहासाच्या भाषेशी ताडून पाहिल्याखेरीज नीट लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन रंगभूमीवर, विनोदी साप्ताहिकांत आणि काही जाहिरात-कार्डांवरही ज्यू दुकानदाराचे एक ठोकळेबाज पात्र रूढ झाले होते. लांब नाक, हातवारे आणि गहाण दुकानाचे तीन गोळे ही त्याची दृश्य लक्षणे. परंतु त्याचे मुख्य लक्षण भाषिक होते. त्याच्या तोंडी घातलेली इंग्रजी मुद्दाम चुकीच्या वर्णांनी छापली जाई. व-काराच्या जागी दुसरा व-कार, द-काराच्या जागी ट-कार, असे जर्मन वळणाचे उच्चार लेखनातून दाखवून वाचकास हसविले जाई. शब्दाचे लेखन बिघडवून बोलणाऱ्याचे परकेपण दाखविण्याची ही युक्ती मराठी वाचकासही अपरिचित नाही. आपल्या नाटकांतील मारवाडी व मद्रासी पात्रे अशाच लेखनाने ओळखू येतात.

या पार्श्वभूमीवर खऱ्या ज्यू व्यापाऱ्याचे कार्ड ठेवून पाहावे. त्याची इंग्रजी निर्दोष आहे, कारण ती घडीव आहे. फेरीच्या काळात ज्याच्या तोंडच्या चार शब्दांवरून दारातला माणूस त्याचा मुलूख ओळखीत होता, त्याला छापील कार्डाने प्रथमच उच्चाराविना बोलण्याची सोय करून दिली. छापील अक्षराला हेल नसतो. त्या सामाईक शब्दावळीत सामील होणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे नव्हे. बाजारात इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याची ती एक रीत होती. कार्डांवरील भाषेच्या निर्जीवपणाचा दोष कल्पनादारिद्र्याकडे लावण्यापूर्वी, ज्याच्या जिवंत भाषेची टिंगल होत होती त्याने निर्जीव भाषा का पत्करली असेल, याचा विचार व्हावा.

‘एकच भाव’ हा वाक्प्रयोगही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. निश्चित किंमतीची पद्धत ज्यू व्यापाऱ्यांनी शोधून काढली असे नव्हे. क्वेकर पंथीय दुकानदारांत ती पूर्वीपासून होती, आणि न्यूयॉर्कचा स्ट्युअर्ट व फिलाडेल्फियाचा वॉनामेकर यांच्यासारख्या मोठ्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी तिचा पुरस्कार केला. बाल्टिमोरच्या हट्झलर या ज्यू कुटुंबाच्या दुकानाने ती १८६८ मध्ये स्वीकारली. परंतु तेच शब्द दोघांच्या कार्डांवर सारखे कार्य करीत नाहीत. ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या कार्डावर ते सोयीचे आश्वासन असते. घासाघीस करून ठकविणारा, असे ज्याचे पात्र रंगभूमीवर रोज उभे केले जात होते, त्याच्या कार्डावर मात्र ते न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. शब्द तेच राहूनही वक्त्यानुसार त्यांचा अर्थभार बदलतो, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

५. नावाचा भार

तिसरा थर नावाचा. चित्र उसने, वाक्ये सामाईक, अशा स्थितीत व्यापाऱ्याचा पूर्वेतिहास सांगणारे नाव तेवढे उरते. त्याच्या घडणीतही स्थलांतराच्या खुणा दिसतात. ‘बंधू’, ‘आणि पुत्र’ ही पेढ्यांच्या नावांतील पदे आधी एक भाऊ, मागून दुसरा, या क्रमाने झालेल्या स्थलांतराची साक्ष देतात. लेव्ही स्ट्राउस याचे जन्मनाव ल्योब होते. ते अमेरिकेत लेव्ही झाले, म्हणजे व्यवहारातील जर्मन-यिडिश नावाच्या जागी बायबलमुळे इंग्रजी वाचकास ओळखीचे असलेले नाव आले. पोलंडमधील कोनिन येथील मिखेल गोल्डवासर हा लंडनमार्गे पश्चिम अमेरिकेत पोहोचेपर्यंत मायकेल गोल्डवॉटर झालेला होता. येथे नावाचा पूर्वार्ध दोन्ही भाषांत समान असल्याने तसाच राहिला आणि उत्तरार्धाचे तेवढे भाषांतर झाले. ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच यातील सांधा दिसतो.

काहींनी स्वतःचे नाव पाटीवर न घालता दुकानासच नाव देण्याचा मार्ग पत्करला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राफाएल व्हाइल या फ्रेंच ज्यू व्यापाऱ्याचे दुकान ‘व्हाइट हाउस’ या नावाने प्रसिद्ध होते. अशी नावे त्या काळी सर्वच व्यापाऱ्यांत लोकप्रिय होती. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्यांमागे लपण्याचा हेतू होता असे मानणे चूक होईल. तरीही नाव छापणे हा एक निर्णय होता, आणि तो निर्धोक नव्हता.

याची कारणे त्या काळातील घटनांत आहेत. यादवी युद्धात १७ डिसेंबर १८६२ रोजी सेनापती ग्रँट याने आपल्या हुकमतीखालील प्रदेशातून सर्व ज्यूंना बाहेर काढण्याचा हुकूम काढला. काळ्या बाजारात काही व्यापारी गुंतले असल्याचा संशय हे निमित्त, परंतु हुकूम झाला तो संपूर्ण समाजाविरुद्ध. पडुका गावच्या व्यापाऱ्यांनी वॉशिंग्टनपर्यंत दाद मागितली, आणि अध्यक्ष लिंकन यांनी जानेवारी १८६३ च्या आरंभीच तो रद्द करविला. युद्धकाळातच टालबटनच्या ग्रँड ज्यूरीने ज्यू व्यापाऱ्यांवर महागाईचा ठपका ठेवला, आणि लाझारस स्ट्राउसने ते गाव सोडले. १८६७ मध्ये काही आगविमा कंपन्यांनी ज्यू दुकानदारांचा विमा घेऊ नये, अशा सूचना आपल्या अडत्यांस दिल्या. त्याविरुद्ध अनेक शहरांत निषेधसभा झाल्या. १८७७ मध्ये साराटोगा येथील एका मोठ्या हॉटेलात जोसेफ सेलिगमन या प्रतिष्ठित सावकारास तो ज्यू म्हणून जागा नाकारण्यात आली.

याहून अधिक दूरगामी परिणाम पतपेढीच्या वहीचा होता. न्यूयॉर्कमध्ये १८४१ साली लुई टॅपन याने स्थापिलेली आणि पुढे आर. जी. डन या नावाने चाललेली संस्था गावोगावच्या व्यापाऱ्यांची पत नोंदवून ती घाऊक विक्रेत्यांस पुरवीत असे. तिच्या हस्तलिखित वह्या हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत. व्यापाऱ्याची मालमत्ता, सवयी व देणी यांबरोबरच तो ज्यू असल्यास तशी नोंद त्यांत वारंवार आढळते, आणि तिच्यासोबत बहुधा सावधगिरीचा इशारा असतो. ज्या नावाने कार्ड गिऱ्हाइकास बोलावीत होते, तेच नाव वहीत शिरून उधारी आखडून घेत होते.

शनिवारची गोष्टही येथे नोंदविली पाहिजे. अनेक राज्यांत रविवारी व्यापार करण्यास कायद्याने मनाई होती, आणि शेतकरी बाजारास येत तो वार बहुधा शनिवारच. शब्बाथ पाळणाऱ्या दुकानदारास आठवड्यातून दोन दिवस, तेही एक ऐन विक्रीचा दिवस धरून, दुकान बंद ठेवावे लागे. पुष्कळांना ते परवडले नाही. कार्डे याविषयी मौन पाळतात. या मौनाचा वेगळेपणा कोकणातील बेने इस्राएल समाजाशी तुलना केली असता उठून दिसतो. कुलाबा भागात तेल गाळण्याचा धंदा करणारे हे मराठीभाषी ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हेच नाव पडले. त्यांची केहिमकर, पेणकर, नागावकर, दिवेकर ही आडनावे मात्र शेजाऱ्यांच्या आडनावांप्रमाणेच केवळ गाव सांगतात. कोकणात विश्रांतीचा वार समाजाची ओळख देई आणि आडनाव ती देत नसे. अमेरिकेत वार मुका झाला आणि आडनाव बोलू लागले. ओळखीचे चिन्ह भाषेच्या कोणत्या अंगावर येऊन बसेल, हे त्या त्या समाजाच्या शेजारावर अवलंबून असते.

६. संशोधकाची जबाबदारी

या सर्वांतून एक पद्धतिविषयक प्रश्न निर्माण होतो, आणि तो गंभीर आहे. ज्यू व्यापाऱ्यांची कार्डे इतर कार्डांतून वेगळी कशी काढावयाची? चित्र आणि वाक्ये निरुपयोगी, तेव्हा नाव हाच पहिला आधार. अमेरिकेच्या दशवार्षिक शिरगणतीत व्यक्तीचा धर्म विचारला जात नाही, त्यामुळे सरकारी नोंदीचाही आधार मिळत नाही. अर्थात संशोधक आडनावाकडे वळतो. म्हणजे पतपेढीच्या अडत्याने संशयासाठी जी खूण वापरली, तीच खूण तो आज शोधासाठी वापरतो. हेतू वेगळा असला तरी रीत तीच आहे, आणि तिच्यातील दोषही तेच आहेत. स्टर्न, स्ट्राउस, मायर ही आडनावे जर्मन ख्रिस्ती कुटुंबांतही आहेत. उलट ‘व्हाइट हाउस’ या पाटीमागील व्हाइल नुसत्या नावांच्या यादीत सापडणार नाही.

म्हणून नावाला पुरावा न मानता केवळ सूचना मानावे, हा नियम पाळणे आवश्यक आहे. शहराची त्या वर्षाची नाव-पत्ता सूची, सिनेगॉगच्या सभासदांची नोंद, दफनभूमीतील शिलालेख, धर्मादाय मंडळ्यांचे अहवाल, स्थानिक वृत्तपत्रांतील सणानिमित्त दुकान बंद ठेवल्याच्या सूचना, यांपैकी काहींचा दुजोरा मिळाल्यावरच कार्डाचे वर्गीकरण निश्चित करावे. कार्डावर मौन असलेला व्यापारी सिनेगॉगच्या वहीत पुष्कळ बोलका असू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोमधील लेव्ही स्ट्राउस हा तेथील इमानु-एल सिनेगॉगशी निगडित होता, हे त्याच्या मालावरील घोड्यांकडे पाहून कधीही कळले नसते.

दुसरा नियम चित्रासंबंधी. एकच तयार चित्र किती निरनिराळ्या नावांनिशी आढळते, हे आधी पाहावे, आणि त्यानंतरच त्या चित्राला व्यापाऱ्याच्या मनोवृत्तीचा अर्थ द्यावा. तिसरा नियम मजकुरासंबंधी. ठराविक वाक्प्रयोगांत ठराविकापासून जेथे किंचित ढळलेले दिसते, तेथे अधिक लक्ष द्यावे. जर्मन वस्तीसाठी छापलेला जर्मन मजकूर, पत्त्यात येणारे भावाच्या दुकानाचे नाव, नावापुढील बदललेले आद्याक्षर, अशा बारीक जागीच व्यक्ती डोकावते.

तात्पर्य, या कार्डांना समाजाचे चित्र म्हणून पाहणारा फसतो, कारण चित्र त्या समाजाचे नाहीच. त्यांना मौन म्हणून पाहणाराही फसतो, कारण प्रत्येक कार्डावर एक माणूस आपले खरे नाव छापून, आपण कोठे भेटू हे गिऱ्हाइकाला सांगत असतो. विमा नाकारला जाण्याच्या, उधारी आखडण्याच्या आणि रंगभूमीवर हसे होण्याच्या त्या दिवसांत हजारो दुकानदारांनी छापखान्याने मोकळ्या सोडलेल्या दोन इंच जागेत स्वतःचे नाव घातले. त्या दोन इंचांचे वाचन करण्याइतपत आपली पद्धती सूक्ष्म व सावध असली, तरच या कार्डांच्या अभ्यासास अर्थ राहील.